कुसुमताईंच्या नावाचं रक्तदान

कुसुमताई गेल्या त्याच्या आदल्या दुपारी बिबवेवाडीच्या घरात अळू निवडत बसल्या होत्या. पोट पाण्याने फुगलेलं, पण देठ सोलणारा हात थांबत नव्हता.

"केदारला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "या रोगापायी तुझं लग्न मोडलं तेवढं पुरे. त्याचा संसार तरी राहू दे."

वाद नको म्हणून लेकीने, श्रद्धाने, मान डोलावली. दुसऱ्या सकाळी आईला रक्ताची उलटी झाली आणि संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं.

लिव्हरचा कॅन्सर, एवढंच हडपसरला राहणाऱ्या धाकट्या भावाला, केदारला, ठाऊक होतं. कॅन्सर कशाने झाला ते श्रद्धाच्या कपाटातल्या फाइलमध्ये होतं: हेपेटायटिस बी. तिच्या स्वतःच्या रिपोर्टवरही तेच. तिने मिळेल ते वाचून काढलं होतं. जगभर कोट्यवधी लोकांच्या रक्तात हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. एका ताटात जेवून पसरत नाही, पण कितीतरी जणांना जन्मतानाच आईकडून मिळतो. हे तिने आईला वाचून दाखवलं, त्या दिवशी कुसुमताई जेवल्या नव्हत्या.

वर्षश्राद्धानंतरच्या रविवारी केदारने सोसायटीच्या हॉलमध्ये आईच्या नावाने रक्तदान शिबिर ठेवलं. रक्तपेढी तपासेल, त्याला कळवेल, आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही, अशी पळवाट श्रद्धाने शोधली होती. खरं तर कॉलेजात रक्त दिल्यावर तिलाही रक्तपेढीचं असंच पत्र आलं होतं. आईने ते फाडून टाकलं होतं.

दाराशी सोसायटीतले अनंतकाका नावं लिहून घेत होते. "वजन सांगा. नुसता उत्साह घेत नाहीत इथे."

तेवढ्यात भावजय सलोनी कानाशी आली. "ताई, दोन महिने झालेत मला. तपासण्या व्हायच्यात अजून, पण तुम्हाला पहिलं सांगतेय."

पत्र फाडताही येतं, आणि आता बाळाचा प्रश्न होता. पलीकडे केदार कॉटवर आडवा झाला होता. नर्सने त्याच्या दंडाला पट्टा आवळला.

"केदार, थांब. ऊठ."

"काय गं ताई? सगळे बघतायत."

"बघू देत. आईला हेपेटायटिस बी होता. मलाही आहे. तुलाही असेल. तू आणि सलोनी, दोघं आजच तपासून घ्या. वेळेत कळलं तर बाळाला जन्मल्याबरोबर लस देऊन वाचवता येतं."

नर्सने पट्टा सोडला. केदार उठून बसला.

"म्हणजे आईने आपल्याला..."

"आपण जन्मलो तेव्हा तिला तरी कुठे माहीत होतं!" श्रद्धाचा आवाज चिरकला. "मी वर्षभर तिच्या उशाशी होते. औषधं दिली, अंग पुसलं. पण राग धरून होते, म्हणून एवढं एकच म्हटलं नाही की, आई, तुझी चूक नव्हती गं."