डोळ्यातली गळती

वॉशरभाऊंनी आयुष्यभर लोकांच्या घरातल्या गळत्या शोधल्या. नळ टपको, टाकी झिरपो, नाहीतर शेजारच्या नवरा-बायकोचं बिनसो, त्यांचं निदान एकच असायचं : "वॉशर गेलाय." त्यावरून हे नाव पडलं. अशा माणसाच्या डाव्या डोळ्यातला दाब वाढला, तेव्हा हसू सगळ्यांना आलं, फक्त त्यांना नाही. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छच सांगितलं होतं, "दाब अठ्ठावीस आहे, एकवीसच्या आत हवा. महिनाभर थेंब घाला. उतरला नाही तर ऑपरेशन."

थेंब मेहुण्याच्या औषधाच्या दुकानातून आले. तिथेच भाऊंच्या मते माशी शिंकली.

कारण पंधरा दिवसांनी दाब भरला सत्तावीस. आणि रोज सकाळी बायकोनं डोळ्यात थेंब घातले, की मिनिटभरात घसा कडूजहर.

"डोळ्यात घातलेलं घशात येतंय," भाऊ म्हणाले, "म्हणजे मधे कुणीतरी चोरून लाईन जोडलीय."

"अहो, तुमच्या डोक्यात कोण कशाला लाईन जोडेल? काय आहे तिथे न्यायला?"

"तुझ्या भावानं बाटलीत खोकल्याचं औषध भरलंय."

"मग खोकला तरी गेला का तुमचा?"

खोकला गेला नव्हता. त्यामुळे भाऊंचा संशय आणखी वाढला. औषध खोकल्याचंही धड नव्हतं. ते तडक दुकानात गेले.

"भावोजी, बाटली सीलबंद होती हो," मेहुणा काकुळतीला आला.

"सीलबंद टाक्या गळताना मी पाहिल्यात."

तिथून ते बाटली, बायको आणि आरोप घेऊन दवाखान्यात पोचले. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकलं, भाऊंच्या डोळ्यात पिवळ्या रंगाचा थेंब टाकला, थोडं थांबल्या आणि पांढरा कागदी रुमाल पुढे केला. "शिंकरा नाक."

रुमाल पिवळा.

भाऊ बघतच राहिले. फ्लशची टाकी गळते का हे पाहायला ते तीस वर्षं टाकीत रंगच टाकत आले होते. "ही पद्धत तुम्हाला कुणी शिकवली?" त्यांनी डोळे बारीक करून विचारलं.

"कॉलेजात. डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकाकडे एक बारीक नळी जाते. जन्मापासून आहे, कुणी चोरून जोडलेली नाही. थेंबातलं बरंचसं औषध तिथून घशात उतरतं."

"आणि उरलेलं?"

"त्यातलं थोडंसंच कॉर्नियातून, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या काचेतून, आत शिरतं. तिला थर असतात. बाहेरचा तेलकट, तो पाण्याला दारात उभं करत नाही. त्याच्या आतला पाणीदार, तिथे तेलाचं काही चालत नाही. म्हणून औषध दोघांशी जमवून घेणारं लागतं."

"म्हणजे दोन्हीकडून बोलणारं, तुझ्या भावासारखं," भाऊ बायकोकडे वळून म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं?"

"जे थोडंसं आत जातं तेच कामाचं, त्याला वेळ द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. " थेंब घातला की डोळा मिटा आणि नाकाजवळच्या या कोपऱ्यावर दोन मिनिटं बोट दाबून ठेवा. थेंब किती घालता?"

"तीन," बायको म्हणाली. "मी हात आखडते असं यांना वाटू नये म्हणून."

"एकच घाला. डोळ्यात तोही पुरता मावत नाही."

कॉक बंद करायचा, एवढं भाऊंना पटलं. दुसऱ्या दिवसापासून बोट दाबलं आणि कडूपणा थांबला. चौथ्या दिवशी भाऊ म्हणाले, "आता चव लागत नाही. तुझ्या भावानं पाणी भरलं."

"बाटली तीच आहे!"

"मग कधी भरलं?"

बायकोनं थेंब घातला आणि त्यांचं बोट कोपऱ्यावरून बाजूला ओढलं. मिनिटभरात भाऊंचं तोंड वाकडं झालं. "आहे," ते नाइलाजानं म्हणाले. "माल असली आहे."

महिना भरला, तेव्हा दाब सोळा होता. ऑपरेशन रद्द.

"हे दाब मोजायचं यंत्र शेवटचं कधी तपासलं होतं?" भाऊंनी विचारलं. बायकोनं त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

वाटेत ते मेहुण्याच्या दुकानात शिरले आणि थेट मागच्या बेसिनखाली वाकले. ते बेसिन वर्षभर टपकत होतं.

"भावोजी," मेहुणा दारातून हलेना, "आता काय शोधताय?"

भाऊंनी उजवा डोळा मिटला. डाव्या डोळ्याला अंधारात नळीच्या जोडावर लोंबणारा थेंब स्वच्छ दिसला. त्यांनी तो पडेपर्यंत पाहिला.

"वॉशर गेलाय," ते म्हणाले.