लिग्नाइट म्हणजे लाकूड

पाहुणा म्हणून आलेल्या सुताराने घरच्या लेकीने आणलेला तपकिरी खडा खिडकीपाशी नेला आणि नखाने हळूच खरवडला. बारीक भुसा खाली पडला.

"कोळसा आहे हा?"

"कोळसाच," लेक म्हणाली. "लिग्नाइट. असं नाव का पडलं, माहीत आहे?"

चहा गाळता गाळता आईचा हात थांबला. लेक प्रयोगशाळेत कोळसा तपासायची. हाच प्रश्न विचारून ती नवशिक्यांची भंबेरी उडवते, हे आईला ठाऊक होतं. पण आज समोर होता तो सुतार, ज्याच्याशी आई, साठी जवळ आलेली असताना, लग्न करणार होती. लेकीची आणि त्याची ही पहिलीच भेट. आल्यापासून ती तोंडाला कुलूप लावून बसली होती, आणि ते उघडलं ते हे विचारायला.

"नाही बुवा," सुतार म्हणाला. ओशाळला वगैरे नाही. खुर्ची पुढे ओढून बसला. "सांगा की."

लेकही खुर्ची सरकवून जवळ आली.

"लॅटिनमध्ये लिग्नम म्हणजे लाकूड. त्यावरून लिग्नाइट. कोळशांमधला हा कच्चा. झाडं गाडली गेली, दबली, पण पुरता कोळसा व्हायचा राहिला." तिने त्याच्या तळहातावरचा खडा फिरवला. "ही रेघ बघा. झाडाचीच आहे."

"म्हणजे हा आमच्याच घरातला." तो रेघेवरून अंगठा फिरवत राहिला. "मग वाळला की तडकत असेल?"

"तडकतो ना. पार भुगा होतो. नमुने ओले ठेवावे लागतात."

"आमच्याकडेही तेच. ओल्या फळीला घाई केली की फाटलीच म्हणून समजा."

मग लेक बोलत सुटली. त्याने 'लिग्नाट' म्हटलं की ती सुधारायची. तो पुन्हा चुकायचा, आणि दोघंही हसायची. बाबा गेल्यापासून या टेबलाशी ती इतकं बोलली नव्हती. आई मधे पडली नाही.

बोलता बोलताच लेक तिच्याकडे वळली.

"नोंदणीला साक्षीदार लागतात ना गं? कोणाला सांगितलंय?"

"अजून कोणालाच नाही."

"मग माझं नाव घाल."

आईने मान डोलावली. "चहा गार झाला सगळा," असं म्हणून ती ओट्याकडे वळली. काडी पेटवायला तिला जरा वेळच लागला.