पूलवाली

काका आधीच येऊन बसले होते. संपादकबाईंच्या केबिनमध्ये पाहुण्यांसाठी खुर्च्या दोनच. एकीवर काका, दुसरीवर काकांची पिशवी. ती आत आली तरी पिशवी हलली नाही.

"बसा ना," संपादकबाई म्हणाल्या.

तिने पिशवी उचलून जमिनीवर ठेवली. जरा जोरातच.

"डबा आहे त्यात," काका म्हणाले.

"असू दे."

बाबा गेल्यापासून पुतणी आणि काका एकमेकांशी बोलले ते जवळजवळ एवढंच. त्याआधीही फार सख्य होतं अशातला भाग नाही, पण मधे बाबा असायचे. ते दोघांच्या ताटात सारखंच वाढायचे आणि मग दोघांनाही गप्प बसावं लागायचं.

बाबांनी उभा जन्म याच पेपरात काढला. पहिल्या पानाच्या तळाशी 'आजचा दिवस' नावाचं सदर यायचं, ते त्यांचं. या तारखेला कोण जन्मलं, कोण गेलं, कुठलं युद्ध संपलं, कुठला शोध लागला. ऑफिसात सगळे त्यांना तारीखमास्तर म्हणायचे. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका, तिथेच मुद्रितशोधक होते. खाली जिन्यापाशी बाबांचा फोटो लावला होता आणि त्याखाली लिहिलं होतं : 'ज्यांची एकही तारीख चुकली नाही.'

आता त्या सदराचं पुस्तक निघणार होतं, वर्षातल्या प्रत्येक दिवसाला एक पान. काकांनी अर्ज दिला होता की पुस्तकावर नाव आपलं हवं.

"दादाने सुरू केलं, मी कुठे नाही म्हणतोय?" काका संपादकबाईंकडे बघून बोलू लागले. "पण शेवटची कित्येक वर्षं त्याला दिसत कुठे होतं? खुर्चीत बसायचा, चहा प्यायचा आणि खाली नाव छापून यायचं. ओळी माझ्या होत्या. सगळ्या ऑफिसला माहीत आहे, बोलत कोणी नाही इतकंच."

"त्यांचे चष्मे मी करत होते," ती म्हणाली. तिचं चष्म्याचं दुकान होतं. बाबांच्या डोळ्यांचा नंबर तिला स्वतःच्या फोन नंबरासारखा पाठ होता. "चष्मा आणि भिंग घेऊन ते सगळं वाचायचे. ते भिंग आता तुमच्या खिशात आहे."

काकांचा हात नकळत खिशाकडे गेला. "दादाने दिलं मला."

"कधी? गेल्यावर?"

"बघा, बघा कशी बोलते ही! सख्ख्या काकाशी!"

"घरचं भांडण घरी," संपादकबाई म्हणाल्या. त्या या पेपरात नव्या होत्या आणि कोणाच्याच बाजूने नव्हत्या, हे त्या उगाचच पुन्हा पुन्हा दाखवायच्या. "मला एवढंच ठरवायचं आहे की संकलक कोण. ज्याचं नाव पुस्तकावर, त्याच्याकडे किंवा त्याच्या वारसाकडे प्रुफं जातील आणि शेवटचा हात तोच फिरवेल. ताई, राग मानू नका, पण तुम्ही मुलगी. तुम्ही बाबांच्याच बाजूने बोलणार. ते भाऊ आहेत, शिवाय इथलेच आहेत. तुमच्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही आहे?"

होतं. पण ते सांगायचं नव्हतं म्हणूनच तर तिला प्रुफं हवी होती.

लहान असताना ती एकदा बाबांवर रुसली होती. तिच्या वाढदिवसाच्या तारखेला सदरात कधीच कोणी जन्मत नसे. एक जहाज बुडायचं, एक तह मोडायचा, एक राजा विषबाधेने मरायचा. वर्गातल्या बाकीच्या मुलींच्या तारखांना शास्त्रज्ञ होते, गायिका होत्या, एकीच्या तारखेला तर दोन-दोन गणिती. "माझ्या दिवशी सगळे नुसते मरतात," ती म्हणाली होती आणि जेवली नव्हती.

त्या वर्षी तिच्या वाढदिवसाला सदरात एक बाई जन्मली. झुलता पूल बांधणारी पहिली स्त्री. दोन ओळी, नाव, साल, बस्स. बाबांनी त्या बाईला रात्रीच्या जेवणापूर्वी बोटांवर साल मोजत जन्माला घातलं होतं, आणि घरात तिचं नाव पडलं पूलवाली. पुढच्या वर्षी त्याच तारखेला समोरच्या, स्पर्धक पेपरातही पूलवाली उगवली आणि तिथे तिला एक नवराही मिळाला होता. बाबा हसून हसून खोकले. "लग्न लावून मोकळे झाले! मुलीकडच्यांना साधं बोलावलंसुद्धा नाही!"

पण हसता हसता त्यांना कळलं की समोरचे आपलं सदर उचलतात. तेव्हापासून ते मुद्दाम अधूनमधून एखादा खोटा जन्म पेरू लागले. त्याला ते बुजगावणं म्हणायचे. सगळी बुजगावणी बाप-लेकीने मिळून जेवणाच्या टेबलावर उभी केली. तिसऱ्या कोणाला पत्ता नव्हता.

पुस्तकाची गोष्ट निघाली तेव्हा बाबा अंथरुणावर होते. "पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो," ते म्हणाले. "पुस्तक राहतं. त्यात बुजगावणं ठेवायचं नाही. तू काढ. गुपचूप काढ." मग जरा थांबून म्हणाले, "आधी पूलवाली."

म्हणजे प्रुफं हाती लागली तर काम होणार होतं. फोटोखालची ओळ शाबूत राहणार होती आणि बाबांचं नावही.

"खरं सांगू का," संपादकबाई टेबलावरचे कागद चाळत म्हणाल्या, "हे पुस्तक माझ्या डोक्यात आलं तेच मुळी एका नोंदीमुळे. ही." त्यांनी एक पान पुढे सरकवलं. "झुलता पूल बांधणारी. मला पुस्तकाची सुरुवात हिच्यापासून करायची आहे, मलपृष्ठावरही हीच. एवढी मोठी बाई, आणि तिच्यावर धड एक पुस्तकसुद्धा कोणी लिहिलं नाही! हिला शोधलं कोणी?"

काकांनी खिशातून भिंग काढलं, पानावर धरलं आणि सावकाश मान डोलावली.

"मी," ते म्हणाले. "जुन्या ग्रंथात सापडली. दोन ठिकाणी पडताळून घेतली, मगच दादाला दिली. दादा म्हणाला, राहू दे, बायकांचे पूल कोण वाचतंय. मी म्हटलं, छापायचीच."

नावावर हक्क सांगितला होता, ते तिला एकवेळ गिळता आलं असतं. पण बाबांच्या तोंडी हे वाक्य?

"नदी कुठली?" तिने विचारलं.

"काय?"

"पूल कुठल्या नदीवर होता, काका? दोन ठिकाणी पडताळलंत ना?"

"आता इतक्या वर्षांनी नदी कोण लक्षात ठेवतं!"

"नदी नव्हतीच. मी बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, नदी दिली की कोणीतरी उठून बघायला जाईल." तिने संपादकबाईंकडे पाहिलं. आवाज खाली ठेवायला तिला कष्ट पडत होते. "ही बाई झालीच नाही. बाबांनी रचली. अशा अजून आहेत. समोरचा पेपर चोरी करायचा, त्याला पकडायला. शोधून बघा, आमच्या घरात ती जन्मली त्याच्या आधी तिचा मागमूस कुठे सापडतो का."

संपादकबाईंनी कॉम्प्युटर पुढे ओढला. बराच वेळ त्या शोधत होत्या. पूलवाली पुष्कळ ठिकाणी होती. एका ठिकाणी तिला मुलंही झाली होती. पण सगळ्या वाटा मागे मागे जात याच पेपरच्या त्याच दोन ओळींपाशी येऊन थांबत होत्या. हळूहळू त्यांचा चेहरा लाल झाला.

"मी हिच्यावर भाषण केलंय," त्या म्हणाल्या. "इथे रुजू झाल्यावर, मुलींच्या कॉलेजात. तुमचे बाबा पहिल्या रांगेत होते."

"सांगितलं होतं त्यांनी."

"टाळ्या वाजवत होते!"

"भाषण चांगलं झालं, म्हणाले."

"दात काढू नका." ती हसली नव्हती, पण हे सांगण्यात अर्थ नव्हता. "वाचकांना इतकी वर्षं खोटं खाऊ घातलं आणि वर आम्ही त्याच माणसाचा फोटो लावतो, एकही तारीख चुकली नाही म्हणून! आणि तुम्ही..." त्या काकांकडे वळल्या, "तुम्ही न झालेली बाई दोन ठिकाणी पडताळलीत! अर्ज उचला तुमचा."

काका भिंग खिशात घालू लागले. ते आत जाईना.

"नाव तुमच्या वडिलांचं येईल," संपादकबाई तिला म्हणाल्या. शब्द फेकून मारल्यासारखे. "आणि प्रस्तावनेत छापेन की त्यांनी जाणूनबुजून खोटे जन्म घातले. ते वाक्य तुम्ही लिहायचं. फोटोखालची ओळ आज निघेल. आता ही नोंद काढा. इथेच, माझ्यासमोर."

त्यांनी लाल पेन पुढे केलं. तिने दोन ओळींवर एक सरळ रेघ मारली. हात स्थिर होता. काचा कापून कापून हाताला तशी सवयच असते.

"या तारखेला जन्म रिकामा राहिला," संपादकबाई पान ओढून घेत म्हणाल्या. "दुसरं कोणी आहे का?"

"मी आहे," ती म्हणाली.

त्यांनी वर पाहिलं नाही. जन्म या शब्दावरही फुली मारली आणि खाली बुडणारं जहाज एक ओळ वर सरकवलं.

जिन्यापाशी शिपाई स्टुलावर चढून फोटोखालची पट्टी उचकटत होता. काका तिच्यासाठी थांबले होते.

"झालं समाधान? स्वतःच्या तोंडाने बापाला खोटारडा ठरवलंस. माझं नाव लागलं असतं तर त्याची अब्रू तरी राहिली असती."

"तुमच्या पुस्तकात ते चहा पिणारे म्हातारे झाले असते. बायकांचे पूल कोण वाचतंय म्हणणारे." तिने हात पुढे केला. "त्यापेक्षा खोटारडे बरे. निदान ते खरं आहे. भिंग."

"नाही देणार."

"मग इथेच उभे राहू. माझं दुकान आज बंद आहे."

शिपायाने वरून दोघांकडे पाहिलं आणि पट्टी काखोटीला मारून निघून गेला. भिंतीवर पट्टीच्या जागी फिक्या रंगाचा एक चौकोन राहिला. काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ती हात तसाच धरून उभी राहिली.