माहितीखातं टेकडी चढतं

टेकडीच्या पायथ्याशी जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला डेपोत सगळे 'माहितीखातं' म्हणायचे. शेवटचा थांबा आला की इंजिन बंद करून तो मागे वळायचा आणि उतरणाऱ्यांना वरच्या जुन्या बुद्धमंदिराविषयी सांगायला लागायचा. दगड कुठून आणला, दारावर हरीण कसं कोरलंय, आतली बुद्धाची उभी मूर्ती बघताना मान कशी अवघडते. लोक खूश होऊन पायऱ्या चढू लागायचे आणि हा बस वळवायचा.

स्वतः तो मात्र कधीच वर गेला नव्हता. त्याचं ज्ञान सगळं ऐकीव. परतीच्या प्रवाशांच्या गप्पांतून वेचलेलं, आणि कमी पडेल तिथे पदरचं घातलेलं.

हे फक्त त्याच्या बायकोला माहीत होतं. ती तयार कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. "दिव्याखाली अंधार," म्हणून ती त्याला अधूनमधून चिडवायची. पण सुट्टीच्या दिवशी त्याला त्या रस्त्याचं तोंडही बघायला नको असे. मग एका मंगळवारी कारखान्याची वीज दुरुस्तीसाठी बंद राहिली, त्याचीही सुट्टी होती, आणि बायको सकाळीच बूट घालून दारात उभी राहिली. त्याने गुडघ्याचं कारण काढलं. एवढा गुडघा दुखतो तर रोज क्लच कसा दाबता, असं तिने विचारलं. त्यावर त्याने चपला पायात सरकवल्या.

पायथ्यापर्यंत तो स्वतःच्याच बसमध्ये प्रवासी म्हणून बसला आणि प्रत्येक वळणावर त्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जात राहिला. चढायला लागला तोही कुरकुरतच. पण झाडी संपली, खाली गच्च्या, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे दिसू लागले, आणि वर दगडी कळसाचं टोक डोकावलं, तशी त्याची कुरकुर थांबली. थोड्या वेळाने बायकोलाच त्याला हाका मारून थांबवावं लागलं.

दाराशी चपला काढताना त्याने वर पाहिलं. हरणं दोन होती. मध्ये चक्र, आणि दोन्ही बाजूंना माना उंचावून बसलेली हरणं. त्यांचे कान इतके नाजूक कोरलेले, की आता हलतील असं वाटावं. बायकोचा दंड धरून तो नुसताच बोट दाखवत राहिला.

तेवढ्यात मागून कुणीतरी त्याला ओळखलं. गाण्याच्या मास्तरीणबाई होत्या, आता निवृत्त. बाजारातून पायथ्याच्या घरी परतायला त्या नेहमी त्याचीच बस धरायच्या. त्याच्या तोंडून ऐकून ऐकून अखेर आज त्या बहिणीला घेऊन आल्या होत्या. "बघ, मी म्हणाले नव्हते? हेच ते," त्यांनी बहिणीला सांगितलं. आता साक्षात हेच भेटलेत म्हटल्यावर यांनीच सगळं दाखवावं, असा त्यांचा आग्रह. बायकोने तोंडावर रुमाल धरला.

नाही म्हणायची सोय नव्हती. तो पुढे झाला, उंबरठ्यावर थांबून म्हणाला, "आता समोर उभी मूर्ती," आणि आत शिरून मान वर केली. वर काहीच नव्हतं. नुसती काळवंडलेली भिंत. मग डोळे अंधाराला सरावले आणि नजर खाली आली.

बुद्ध पहुडले होते. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, उजव्या कुशीवर, तळहातावर डोकं टेकून. पावलंच त्याच्या छातीला येतील एवढी. ओळीने लावलेल्या दिव्यांचा उजेड मिटल्या पापण्यांवर हलत होता, आणि मूर्ती श्वास घेतेय असं वाटत होतं.

"पण तुम्ही तर उभी म्हणालात," मास्तरीणबाईंची बहीण हळूच म्हणाली.

त्याने एकदा बायकोकडे पाहिलं. "खरं सांगू का बाई? मी आज पहिल्यांदाच आलोय. इतकी वर्षं लोकांना खाली सोडलं, पण स्वतः कधी चढलोच नाही."

दिव्यांत तेल घालणारे म्हातारे भिक्खू तिथेच होते. ते खुदकन हसले. "उभी मूर्ती कुठाय, असं रोज कुणीतरी येऊन विचारतं. हे कोण सांगतं, ते आज कळलं."

मास्तरीणबाईंना इतकं हसू आलं की त्यांना खांबाला टेकावं लागलं. हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "मग बरंच झालं. आपण सगळेच नवखे. चला, मिळून बघू."

मग ते म्हातारे भन्तेच त्यांना मूर्तीच्या पाठीमागे घेऊन गेले. तिथल्या अरुंद वाटेवर चिवराची, म्हणजे बुद्धांच्या अंगावरच्या वस्त्राची, दगडातली घडी अगदी हाताशी येत होती. बायको तिथेच खिळली. दगडाला अशी चुणी पडतेच कशी, असं ती पुन्हापुन्हा विचारू लागली. काठाची एक रेघ शेवटपर्यंत कुठे तुटते का, ते बघत ती वाकून वाकून पुढे सरकली. ती कुठेच तुटत नव्हती.

तिथून जिना चढून सगळे गच्चीवर आले. खाली अख्खं शहर. त्यात त्याला आपला रस्ता सापडला: डेपो, इस्पितळ, बाजार, शाळेचं मैदान, आणि मग टेकडीला वळसा घालणारा घाट. रोज तुकड्यातुकड्यांनी पाहिलेला रस्ता पहिल्यांदाच सलग दिसत होता. तो एकेक थांबा मोठ्याने सांगू लागला. काडेपेटीएवढी बस वळणावर दिसली तेव्हा, वळण फार मोठं घेतलंस, म्हणून तो इथूनच तिला दटावू लागला. भन्तेसुद्धा कठड्यावरून वाकून बघायला लागले.

दुपारी दारं बंद व्हायची वेळ झाली. मास्तरीणबाई आणि त्यांची बहीण निरोप घेऊन गेल्या, तरी ही दोघं आतच. त्याला पुन्हा एकदा पावलं बघायची होती, तिला पुन्हा तो काठ. शेवटी भन्तेंनीच दार अर्धं लोटलं, तेव्हा दोघं बाहेर आली.

पायऱ्या उतरताना दोघं एकदमच बोलत होती. तो पापण्यांबद्दल, ती चुण्यांबद्दल, आणि कोण कुणाचं ऐकत होतं, कुणास ठाऊक.