काकांचा हात आणि आम्ही तीसजणी

मी एक जुनी पिन आहे. लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो! कागद टोचणारी टाचणी नव्हे मी. चांगली तुमच्या करंगळीएवढी उंच, पोलादाची, गोल गुळगुळीत डोक्याची आहे. औषधाची कॅप्सूल तुम्ही पाहिलीच असेल. तिचं खाली लांब अंग असतं आणि वर आखूड टोपी. ती टोपी मी घडवते. आजवर किती घडवल्या, ते विचारू नका. मोजत बसले असते तर काम कधी केलं असतं?

माझा जन्म लेथवर, म्हणजे धातू गरगर फिरवून कातणाऱ्या यंत्रावर झाला. कारागिरानं मला घासलं, घासलं, इतकं घासलं की शेवटी त्याला माझ्यात स्वतःचं नाक दिसायला लागलं. नाक जरा मोठंच होतं, पण ते असो. मग एका पट्टीवर आम्हा तीसजणींना ओळीनं बसवलं आणि आमची पट्टी एका लांबलचक यंत्रात गेली. डोकं खाली करून पाकात बुडायचं, वर यायचं, गोल फिरत वाळायचं. मग चिमटा येऊन टोपी ओढून काढतो, पातं तिची कड कापतं आणि ती पलीकडून आलेल्या अंगावर चपखल बसते. ती बसली की आम्हाला तेलाचा पुसट हात, आणि पुन्हा बुडी!

तेव्हा पाक जिलेटिनचा असे, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेला. पाक गरम आणि आम्ही गार, असा नियम. गार पिनेवरच तो पटकन थिजतो. यंत्र चालवणारे काका रोज सकाळी आमच्यावरून पालथा हात फिरवायचे आणि विचारायचे, "गार आहात ना, पोरींनो?" जरा ऊब लागली की त्यांचा डावा हात टेबलाखाली जायचा आणि गार हवेचा नळ उघडायचा. वीस वर्षं हेच चाललं. आमच्यावर ओरखडा पडू नये म्हणून चिकटलेला पाक खरवडायला त्यांनी कधी पातं लावलं नाही. मऊ फडक्यानंच पुसलं. खरं सांगते, फार लाड झाले आमचे.

काकांच्या आईला मात्र या कामाचं जराही कौतुक नव्हतं. जनावरापासूनचं काही ती तोंडात घालत नसे. आपली कॅप्सूल ती उघडायची, कडू पूड चमच्यात ओतायची आणि तोंड वेडंवाकडं करत गिळायची. डॉक्टर रागवायचे, कारण ते औषध पोटात गेल्यावरच उघडायला हवं होतं. "तुझी टोपी तुझ्याकडेच ठेव," ती काकांना बजावायची. काका बिचारे सगळं आम्हाला येऊन सांगायचे.

मग एक दिवस प्रयोगशाळेतल्या ताई नवा पाक घेऊन आल्या. झाडाच्या तंतूंपासून केलेला! काका तर हरखूनच गेले. पण कारखान्याचे साहेब म्हणाले, "आठ दिवस बघू. जमलं नाही तर हे यंत्र मोडीत काढू." मोडीत म्हणजे आम्ही भट्टीत, मित्रांनो.

या पाकाचं सगळं उलटं होतं. तो कोमट असतो आणि पिना गरम लागतात. गरम पिनेवरच तो घट्ट धरतो. ताईंनी तसा कागद लिहून यंत्रावर चिकटवला, काकांनी तो दोनदा वाचला. तरीही पाक आमच्यावरून ओघळून जायचा. टोप्यांचे खांदे इतके पातळ की बोट लावताच चिरायचे. एक दिवस गेला, दोन गेले, पाच गेले. "पिना जुन्या झाल्यात," साहेब म्हणाले. मला इतका राग आला! अहो, कारण मला ठाऊक होतं. रोज सकाळी काकांचा पालथा हात आमच्यावर यायचा, चटका लागायचा, आणि डावा हात टेबलाखाली जाऊन गार हवा सोडायचा. तापमापक होता अलीकडे, हवा लागायची पलीकडे. आकडा बरोबरच दिसायचा, मग ताईंना कसं कळणार? काकांना तरी कुठे कळत होतं? पण पिनेला तोंड कुठलं!

सहाव्या दिवशी काका आईला डॉक्टरांकडे घेऊन गेले. ताईंनी स्वतःच यंत्र सुरू केलं, आणि काय सांगू, माझ्या डोक्यावर अशी टोपी बसली की बस! काका धापा टाकत आले. टोपी दाबून पाहिली, चिरली नाही. त्यांचे डोळे भरून आले. "शाब्बास, पोरींनो," म्हणत त्यांनी आमच्यावरून हात फिरवला. आणि डावा हात निघाला टेबलाखाली.

"काका, हात!" ताई ओरडल्या.

हात तिथेच थांबला. काका त्याच्याकडे बघतच राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. मग ते तडक साहेबांकडे गेले. "पिनांना बोल लावू नका, साहेब. चूक माझ्या हाताची आहे. वीस वर्षांची सवय, मला न विचारता नळ सोडते." साहेब आधी गंभीर होते, मग खो खो हसले. उरलेले दोन दिवस एकही टोपी चिरली नाही. यंत्र राहिलं, आम्हीही राहिलो. माझा जीव भांड्यात पडला!

काही महिन्यांनी काकांच्या आईचं औषध आमच्याच टोपीतून आलं. तिनं ती कॅप्सूल उजेडात धरून पाहिली, पाण्याबरोबर गिळली आणि तोंड वाकडं करायचं विसरूनच गेली. "संपलं? एवढंच?" असं तिनं विचारलं म्हणे. काकांनी हे आम्हाला चारदा सांगितलं.

म्हणून सांगते, मित्रांनो, घरातली एखादी जुनी वस्तू नीट चालेनाशी झाली, तर तिला फेकण्याआधी मऊ फडक्यानं पुसा आणि आपला हात काय करतोय तेही एकदा बघा. आमचे काका अजून रोज सकाळी येतात. डावा हात पाठीमागे घट्ट धरतात, उजवा आमच्यावरून हळूच फिरवतात, चटका बसला की "हाय हाय!" म्हणत बोटं फुंकतात आणि खुशीत विचारतात, "गरम आहात ना, पोरींनो?"