कानबाईच्या गाण्यातला निंबा

प्रमिलाबाईंनी पाचोऱ्याच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्या, पण हातातलं लाल पेन काही सुटलं नाही. धुळ्याला राहणाऱ्या सुनेनं, दिपमालानं, त्यांना कानबाई देवीच्या गाण्यांचा ब्लॉग काढून दिला होता. गावोगावच्या तेवीस बायका व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर गाणी म्हणून पाठवायच्या, बाई ती ऐकून लिहून घ्यायच्या आणि दिपमाला आवाजासकट ब्लॉगवर चढवायची. श्रावणात घरोघरी कानबाई बसायच्या आत पन्नास गाणी पुरी करायचीच, असा बाईंनी चंग बांधला होता.

सगळ्यांत गोड गळा सोनगीरच्या सुमनबाईंचा. त्यांनी विसर्जनाचं गाणं पाठवलं. त्यात कानबाईसोबत निघालेल्या घरच्या माणसांची नावं एकेक करून घेतात. ज्या घरची कानबाई, त्या घरची नावं. सुमनबाई म्हणाल्या होत्या, "कानबाई माय चालनी वं, निंबा तुन्हा सोबत वं."

बाईंना वाटलं, गाणं कसं सगळ्यांच्या उपयोगी पडलं पाहिजे. त्यांनी निंबाच्या जागी ठिपके दिले, पुढे ‘इथे आपल्या घरचं नाव घालावं’ असं लिहिलं आणि दिपमालाकडून आवाजातली तेवढी ओळही कापून घेतली. थेट रिकाम्या जागा भरा. वर स्वतःवर खूषही झाल्या.

दुसऱ्या दिवशी सुमनबाई ग्रुपमधून बाहेर पडल्या. बाईंनी फोन लावला.

"अक्का, तुम्हनं काम चांगलं शे," सुमनबाई म्हणाल्या. "पन मन्हं गानं काढी टाका."

"माझं काही चुकलं का?"



"निंबा मन्हा धाकला पोऱ्या. दोन वरीस व्हयनात, हायवेवर गया. रेशनकार्डवरतीन त्यानं नाव कमी व्हयनं, मतदार यादीमातीन कमी व्हयनं. एक गानामा ऱ्हायेल व्हतं. ते तुम्ही कमी करं."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार वर्षांपूर्वी नवऱ्याचं नाव कमी करायला त्या स्वतः तहसीलच्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या. कारकुनानं रेघ मारली तेव्हा काय वाटलं, ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. आणि तीच रेघ आज त्यांनी मारली होती.

सुमनबाईंनी गाणं काढायला सांगितलं होतं. बाईंनी "दोन दिवस थांबा" एवढंच विनवलं. मग दिपमालाला अख्खं गाणं होतं तसं परत लावायला लावलं आणि ग्रुपवर लिहिलं, ‘चूक माझी आहे. सुमनबाईंचा मुलगा मी गाण्यातून काढला. सोमवारी तुमची कानबाई विसर्जनाला निघेल, तेव्हा जमलं तर निंबाचंही नाव घ्या.’

पाठवलं आणि धसका घेतला. कानबाईचा रोट, म्हणजे प्रसादाची पोळीसुद्धा भाऊबंदांबाहेर कुणी देत नाही, तिथे परक्या घरचं नाव कोण घेणार? सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर एकीचंही नाही. संध्याकाळी शिरपूरच्या तानुबाईंचा आवाज आला, "रोट बाहेर जात नही, अक्का. पन नाव कोनंबी चालस."

सोमवारी दुपारपासून फोन वाजायला लागला. शिरपूर, पारोळा, अमळनेर. कुठे मागे ढोल, कुठे रडणारं पोर, आणि तानुबाई तर साफ बेसूर. पण प्रत्येकीनं आपापल्या घरची नावं संपली की न चुकता म्हटलं होतं, "निंबा तुन्हा सोबत वं." दिपमालानं आलेली एकोणीसच्या एकोणीस गाणी सुमनबाईंच्या गाण्याखाली लावून दिली. बाईंनी एकातही काही दुरुस्त केलं नाही.

बाईंनी ते पान सुमनबाईंना पाठवलं आणि जीव मुठीत धरून बसल्या. तासाभरानं त्यांचा आवाजातला निरोप आला. आधी नुसतं रडणं होतं.

"एकोणीस घर फिरना मन्हा पोऱ्या," सुमनबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या गानं. आते तुम्हना घरनं नाव सांगा, अक्का. मी म्हनस."

बाईंनी भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे पाहिलं. लग्नात उखाण्यात नाव घेतलं तेवढंच. त्यानंतर अडतीस वर्षांच्या संसारात ते नाव त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. तहसीलच्या रांगेतसुद्धा त्यांनी कागदच पुढे केला होता. त्यांनी रेकॉर्डचं बटण दाबून फोन तोंडाजवळ धरला.

"मोतीलाल," त्या म्हणाल्या आणि बटणावरचा अंगठा उचलला.