तोटा खरा आहे

"परदेशातल्या मूळ कंपनीने इथल्या कंपनीचा माल स्वस्तात उचलला, तर नफा कुठे दिसेल?" मी पुस्तकात बघून विचारलं आणि पुन्हा भाजी चिरायला घेतली.

"तिकडं. आणि इथं तोटा," हे दाढी करता करता म्हणाले. "हे सोपं होतं. पुढचं विचार."

हे पंपांच्या कारखान्यात फिटर. पन्नाशीला आल्यावर यांना बहुराष्ट्रीय कंपन्यांचं आर्थिक व्यवस्थापन शिकायची हुक्की आली, तेव्हा मी कपाळावर हात मारला होता. कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात सगळी आमच्या मुलीच्या वयाची पोरं. ती यांना काका म्हणायची आणि कारखान्यातले लोक प्रोफेसर. चिडवण्यात मीही काही मागे नव्हते.

कारण मात्र चेष्टेचं नव्हतं. कंपनी तोट्याचं रडगाणं गात होती आणि भरपाई देऊन कारखाना बंद करायचं म्हणत होती. तोटा बनावट आहे, नफा परदेशातल्या मूळ कंपनीकडे पळवलाय, अशी युनियनची खात्री होती. तसं असेल तर भरपाईच्या कागदांवर सह्या न करता कोर्टात जायचं ठरलं होतं. "थांबा, मी शोधून काढतो," असं यांनीच छातीठोकपणे सांगितलं होतं. त्यासाठीच हा खटाटोप. परकीय चलनाच्या गणितांनी यांना रडकुंडीला आणलं, पहिल्या परीक्षेत हे सपशेल नापास झाले आणि मला न सांगता पुन्हा फी भरून आले.

युनियनने भांडून कंपनीचे हिशेब मिळवले. सुट्टीच्या दिवशी हे वर्गातल्या मॅडमकडे जाऊन ते तपासत बसायचे. असेच एकदा दुपारी परतले आणि चपला न काढताच खुर्चीत बसले.

"काय झालं हो?"

"आपला पंप बाहेरच्या गिऱ्हाइकांना काय भावानं जातो ते बघितलं. मूळ कंपनी त्यापेक्षा जास्तच देते गं आपल्याला."

"म्हणजे?"

"म्हणजे चोरी नाही. तोटा खरा आहे. असंच चाललं तर भरपाईलाही पैसा उरायचा नाही."

मी म्हटलं, "उद्या युनियनच्या सभेला जाऊच नका. ताप आलाय म्हणून कळवते मी."

"शोधतो म्हणालो होतो ना? सापडलं. आता तोंड लपवू?"

सभा कारखान्याच्या गेटवर होती. आम्ही बायकाही गेलो होतो. "आता आपले प्रोफेसर कंपनीचं पितळ उघडं पाडतील," असं म्हणून अध्यक्षांनी माइक यांच्या हातात दिला.

"आपल्याला लुबाडलंय असं मला वाटलं होतं," हे म्हणाले. "तेच सापडावं म्हणून शिकलो. नाही सापडलं. तोटा खरा आहे. कोर्टात गेलो तर हातचं पण जाईल. सह्या करा."

मग यांच्याबरोबर रोज डबा खाणारा वेल्डर उठला.

"कितीला विकला गेलास रे?"

यांचा चेहरा पडला, पण आवाज चढला नाही. "हिशेब इथं ठेवतो. कुणाकडूनही तपासून घ्या. मी चुकलो असेन तर सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल."

नवऱ्याचा एवढा अभिमान मला आयुष्यात कधी वाटला नव्हता. घरी येताना वाटेत आमच्याशी कुणी चकार शब्द बोललं नाही.

युनियनने बाहेरच्या हिशेबनिसाकडून सगळं तपासून घेतलं. त्याचंही उत्तर तेच आलं.

सह्यांच्या दिवशी मीही गेले, कारण भरपाई जमा होणार ते बँकेचं खातं दोघांच्या नावावर होतं. कागदांचा गठ्ठा जाडजूड. एकेक जण मान खाली घालून यांच्याकडे येई आणि विचारी, "प्रोफेसर, कुठं करायची?" हे बोट ठेवत. वेल्डरही आला. त्याने कागद पुढे केले. यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, त्याला नीट समजावून सांगितले आणि मग बोट ठेवलं.

सगळे झाल्यावर यांनी स्वतःचे कागद घेतले. पेन उघडलं आणि नुसते बघत राहिले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "कुठं करू गं?"

मी बोट ठेवलं.